सिग्नल प्रोसेसिंगमध्ये यायचंय? मग सुरुवात इलेक्ट्रोडपासून करा

इन्स्ट्रुमेंटेशन, बायोमेडिकल किंवा ईएक्सटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) करून मेडिकल उपकरणांच्या कामात यायचंय अशा मुलामुलींसाठी हे लिहितेय. मी राहायला ठाण्यात, काम महापेला एमआयडीसीत, ईसीजी आणि पेशंट मॉनिटरच्या टेस्टिंगमध्ये. नवीन ट्रेनी आले की पहिल्याच आठवड्यात प्रश्न ठरलेला, ताई पायथन करू की मॅटलॅब, मशीन लर्निंगचा कुठला कोर्स लावू. माझं उत्तर पण ठरलेलं, आधी इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेवर चिकटवून सिग्नल घेणारी चकती, नीट लावायला शीक.

हे मी मनापासून सांगतेय. हृदयाचा सिग्नल त्वचेवर मिळतो तो साधारण १ मिलिव्होल्टचा, आणि त्याच इलेक्ट्रोडवर जेल आणि धातूच्या केमिस्ट्रीमुळे ३०० मिलिव्होल्टपर्यंत डीसी ऑफसेट, म्हणजे स्थिर व्होल्टेज, येऊ शकतो, म्हणजे हवंय त्याच्या ३०० पट नको असलेलं. कॉलेजात शिकवतात गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, १००० घ्या, आता ३०० मिलिव्होल्टला १००० ने गुणून बघा, ३०० व्होल्ट, अॅम्प्लिफायर लगेच सॅच्युरेट आणि स्क्रीनवर सरळ रेघ. म्हणून पहिल्या स्टेजला गेन कमी ठेवायचा, मग डीसी काढायचा, मग उरलेला गेन द्यायचा. त्यात घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ अंगावर बसलेला असतोच. तो दोन्ही हातांवर जवळपास सारखाच येतो म्हणून दोन इलेक्ट्रोडमधला फरक घेतला की बराचसा जातो, पण हे कधी, तर दोन्ही इलेक्ट्रोडचा कॉन्टॅक्ट सारखा असेल तेव्हा. एक सुकलेला आणि एक ताजा असेल तर कितीही भारी सीएमआरआर (दोन्हीकडे सारखं येणारं दाबण्याची क्षमता) असलेला अॅम्प्लिफायर लावा, तो ५० हर्ट्झचा हम दिसणारच. त्वचा पुसून कोरडी करणं आणि ताजे इलेक्ट्रोड लावणं हे नर्सचं काम समजून इंजिनिअरने सोडून देऊ नये, सर्वात चांगला फिल्टर तोच आहे.

आता सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नल सेकंदाला किती वेळा मोजायचा. नायक्विस्टचा नियम, सर्वात वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने मोजा, सगळ्यांना पाठ असतो पण इंटरव्ह्यूत मी विचारते की २५० हर्ट्झने सॅम्पल करतोय आणि स्नायूंचा २४० हर्ट्झचा नॉइज आत शिरला तर कुठे दिसेल? १० हर्ट्झला दिसेल, बरोब्बर क्यूआरएसच्या, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाच्या बँडमध्ये, आणि एकदा तिथे बसला की कुठलंही सॉफ्टवेअर त्याला वेगळं ओळखू शकत नाही. त्यासाठी अॅनालॉग फिल्टर एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या आधीच लागतो. हे उत्तर कागदावर काढून दाखवणारा मुलगा मला दहा सर्टिफिकेटवाल्यापेक्षा जास्त आवडतो.

आणि फिल्टर फुकट मिळत नाही हे पण लक्षात ठेवा. मॉनिटर मोडमध्ये ०.५ हर्ट्झच्या खालचं कापलं की रेघ छान स्थिर दिसते, पण त्यानेच एसटी सेगमेंट, म्हणजे क्यूआरएसनंतरचा रेघेचा भाग, वाकडा होऊ शकतो, आणि हार्ट अटॅकच्या निदानात डॉक्टर एसटी सेगमेंटच बघतात. म्हणून डायग्नोस्टिक ईसीजीत परंपरेने ०.०५ हर्ट्झपासून १५० पर्यंत ठेवतात. सुंदर दिसणारी रेघ खरी असेलच असं नाही, समोर पेशंट आहे हे विसरायचं नाही.

आता जिवंत शरीराकडे या, कारण या फील्डमधली मला सर्वात आवडणारी गोष्ट तिथे आहे. आपल्याला वाटतं डोळा म्हणजे सेन्सर आणि प्रोसेसिंग सगळं मेंदूत, तसं नाहीये. एका डोळ्यात प्रकाश पकडणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास आणि ऑप्टिक नर्व्हमध्ये तंतू साधारण १० लाख, म्हणजे मेंदूकडे निघायच्या आधीच रेटिनाने माहिती आवळलेली असते. शेजारच्या पेशी एकमेकींना दाबतात आणि कडा उठून दिसतात, हे हार्टलाइन या शास्त्रज्ञाने हॉर्सशू क्रॅबच्या डोळ्यावर दाखवलं, १९६७ च्या नोबेलमध्ये तोही होता. कान तर त्याहून पुढे, बेसिलर मेंब्रेन फ्रिक्वेन्सी जागेनुसार वेगळ्या करतं आणि बाहेरच्या हेअर सेल्स स्वतः हलून बारीक आवाज मोठा करतात. त्यामुळे कानातूनच अगदी हलका आवाज बाहेर येतो, १९७८ मध्ये डेव्हिड केम्प या शास्त्रज्ञाने तो मोजून दाखवला, आणि आज नवजात बाळाचं श्रवण तपासणारं ओएई मशीन हेच मोजतं, बाळ झोपलेलं असताना. पहिला अॅम्प्लिफायर सेन्सरला चिकटूनच असावा हे आपण बोर्डवर करतो, शरीरात ते आधीपासून आहे. त्यामुळे इंजिनिअरिंगवाल्यांनो, फिजिओलॉजीचं पुस्तक परीक्षेपुरतं उघडू नका.

घरी काय करायचं म्हणाल तर एडी८२३२ या ईसीजी चिपचं छोटं मॉड्यूल घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतं. ते प्रॅक्टिससाठीच, त्यावर कोणाचं निदान करायला जाऊ नका. लॅपटॉपचा चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा, लाइटला जोडलेलं काहीही घरगुती सर्किट अंगाला लावायचं नाही, यात अजिबात तडजोड नको. मग मूठ आवळा, केबल हलवा, एक इलेक्ट्रोड अर्धवट सोडवा आणि प्रत्येक नॉइजचा चेहरा ओळखायला लागा, स्नायूचा वेगळा, हलण्याचा वेगळा. त्यानंतर एमआयटी-बीआयएच या ईसीजी रेकॉर्डिंगच्या संग्रहाचा डेटा डाउनलोड करा, ४८ रेकॉर्डिंग आहेत, प्रत्येकी अर्ध्या तासाचं, ३६० हर्ट्झने घेतलेलं, आणि हृदयाचे ठोके शोधायची पॅन-टॉम्पकिन्सची १९८५ ची पद्धत लायब्ररी न वापरता स्वतः लिहा, बँडपास, डेरिव्हेटिव्ह, वर्ग, मूव्हिंग विंडो, मग बदलता थ्रेशोल्ड. तो डेटा अमेरिकेतला आहे, तिथे हम ६० हर्ट्झचा, त्यामुळे नेटवरचा बराच तयार कोड ६० चा नॉच (तेवढीच एक फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावून येतो, तो आपल्या ठाण्यात घेतलेल्या सिग्नलवर जसाच्या तसा चालवला तर आपला ५० तिथेच राहतो.

नोकरीचं थोडक्यात. सुरुवातीला सर्व्हिस किंवा टेस्टिंगला घेतलं तर आर अँड डी नाही मिळालं म्हणून नाराज होऊ नका. सर्व्हिसला आयसीयूत जावं लागतं, तिथे व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप सगळं एकाच सप्लायवर, घाम आलेला पेशंट, ओढाताण झालेल्या केबल, असा सिग्नल लॅबमधल्या सिम्युलेटरवर कधीच दिसत नाही. वर्ष दोन वर्षं ते करून डिझाइनला गेलेले लोक शिल्डिंग आणि कनेक्टरबद्दल मीटिंगमध्ये जे प्रश्न विचारतात ते बाकीच्यांना सुचत नाहीत. मॅटलॅब की पायथन, तर पायथन, फुकट आहे, आणि त्याच्या साय-पाय लायब्ररीत फिल्टरची सगळी फंक्शन्स मिळतात.