डिझेल गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज टाकीवरून काढा

डॅशबोर्डवरचं अ‍ॅव्हरेज हा गाडीच्या कॉम्प्युटरचा अंदाज असतो. इंजेक्टरने, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाने, किती डिझेल सोडलं याच्या हिशोबावरून तो निघतो, प्रत्यक्ष मोजलेल्या लिटरवरून नाही. म्हणून टाकी फुल करा, ट्रिप मीटर आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही शून्यावर आणा, अन् निम्म्याहून जास्त टाकी रिकामी होईपर्यंत चालवा. मग पुन्हा फुल करा.

खरी गफलत भरताना होते. डिझेलला फेस येतो, त्यामुळे नोझल लवकर कट होतो आणि टाकीत बरीच जागा उरते. पंप तोच, शक्यतो नोझलही तोच ठेवा; वेग कमी ठेवायला सांगा आणि दोन्ही वेळा पहिल्या कटलाच थांबा. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यातही सकाळीच भरायचा अट्टहास नको; पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही.

६४८ किलोमीटरला ३६ लिटर लागलं तर अ‍ॅव्हरेज १८. स्क्रीन २० दाखवत असेल तर तिच्या आकड्याला ०.९ ने गुणा. एका टाकीवर मात्र विसंबू नका, तीन-चार टाक्यांची बेरीज घ्या. धुळ्याचा सपाट हायवे आणि चाळीसगावहून कन्नड घाट, यांचे हिशोब वेगळे ठेवलेले बरे.