रेझिनचा अर्धपुतळा घरी कसा ओतावा

रंगवायला घेतलेल्या अर्धपुतळ्यात सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा नाकाच्या शेंड्यावर पडलेलं टाचणीच्या टोकाएवढं भोक. प्रायमर मारेपर्यंत ते नीट दिसतही नाही. पाठीवर अशी दहा भोकं खपून जातात, चेहऱ्यावर एकही खपत नाही. म्हणून साच्याला हात घालण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: रेझिन आत जाताना आतली हवा कुठून बाहेर पडणार? साचा कुठे कापायचा, कुठून ओतायचं आणि कोणत्या बाजूला कलता धरायचा, हे सगळं त्यावरच अवलंबून आहे.

उदाहरणासाठी १/१० प्रमाणातला एक मावळा घेऊ. डोक्याला मुंडासं, झुपकेदार मिशा, छातीपर्यंतचा भाग, उंची साधारण ७ सेंमी. या प्रमाणात नुसतं डोकं सव्वादोन सेंमीच्या आसपास येतं. दिवाळीत किल्ल्यावर मांडायचे प्लास्टरचे मावळे असतात, त्यांच्या मिशांची रेघ बुजली तरी कुणी बघत नाही. रंगवणाऱ्याला मात्र तीच रेघ हवी असते, कारण ब्रश तिच्याच आधाराने चालतो.

मास्टर

ज्यावरून साचा घ्यायचा त्या मूळ मूर्तीला या छंदात मास्टर म्हणतात. ती स्वतः घडवलेली असावी किंवा शिल्पकाराकडून रीतसर परवानगी घेतलेली असावी. विकत आणलेल्या कास्टवरून, म्हणजे साच्यातून ओतून काढलेल्या प्रतीवरून, साचा काढून प्रती विकणं ही या छंदातली सरळसरळ चोरी समजली जाते. भारतीय कॉपीराइट कायदा (१९५७) शिल्पाला कलाकृती मानतो आणि कलाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं संरक्षण देतो.

मास्टर एपॉक्सी पुटीचा असेल तर उत्तम. प्लॅस्टिसिनमध्ये घडवत असाल तर डब्यावर गंधकविरहित असं लिहिलेलं आहे का ते बघा, कारण साचा ज्या रबराचा करायचा त्या सिलिकॉनचा एक प्रकार गंधकामुळे घट्टच होत नाही. थ्रीडी प्रिंट असेल तर तो अल्कोहोलने स्वच्छ धुवून, अतिनील दिव्याखाली पूर्ण पक्का करून वर पारदर्शक ॲक्रेलिक लॅकरचे दोन पातळ हात मारावेत. प्रिंटच्या थरांच्या रेघा याच टप्प्यावर घासून काढा. सिलिकॉन बोटाचे ठसेसुद्धा उचलतं, मग त्या रेघा प्रत्येक कास्टवर येणारच.

तलवारीची मूठ, मुंडाशाचा तुरा, लांब लोंबणारा शेमला असे बाहेर आलेले भाग वेगळे ओतावेत आणि नंतर चिकटवावेत. एकाच तुकड्यात सगळं बसवण्याच्या हट्टापायी साचे फाटतात.

कोणतं सिलिकॉन

बाजारात दोन जाती मिळतात. टिनच्या संयुगामुळे घट्ट होणारं स्वस्त असतं, दुकानदार त्याला नुसतं आरटीव्ही रबर म्हणतात, आणि सोबत हार्डनरची छोटी बाटली मिळते. ते सहसा कशालाही नखरे करत नाही, पण काळाबरोबर थोडं आक्रसतं आणि दोन-चार वर्षांत कडक व्हायला लागतं. प्लॅटिनमवालं महाग, जास्त टिकाऊ आणि मापाला पक्कं. मात्र गंधक, टिन, लॅटेक्सचे हातमोजे, अर्धवट सुकलेला थ्रीडी प्रिंट यांपैकी कशालाही लागलं की त्या जागी चिकट राहतं. पहिल्या साच्यासाठी टिनवालं घ्या. कडकपणा शोर-ए मापावर २० ते ३० दरम्यान असू द्या. त्याहून कडक साच्यातून मिशा सुटताना तुटतात. हातमोजे कुठल्याही प्रकारात नायट्राइलचेच वापरावेत.

डबी आणि हिशोब

मावळा उभा ठेवायचा, तळ खाली. तळाखाली मातीचा दीडेक सेंमी उंचीचा शंकूसारखा ठोकळा लावायचा, खाली रुंद आणि वर पुतळ्याच्या तळाएवढा. साचा उलटा केल्यावर हाच ठोकळा ओतायचं नरसाळं होतो. तिथली खूण शेवटी बैठकीखाली झाकली जाते, त्यामुळे ओतायला यापेक्षा चांगली जागा नाही.

भोवती सनबोर्डची किंवा ॲक्रेलिक शीटची डबी करा आणि सांधे ग्लू गनने बंद करा. पुतळ्याच्या प्रत्येक बाजूला किमान १ सेंमी जागा सुटली पाहिजे. आपल्या मावळ्याला आतून ७ × ६ × १० सेंमीची डबी पुरते, म्हणजे ४२० मिलि. मास्टर आणि ठोकळा मिळून ५० मिलि जागा व्यापतात असं धरलं (मापाच्या भांड्यातल्या पाण्यात बुडवून हे नेमकं कळतं), तर उरले ३७० मिलि. सिलिकॉनची घनता साधारण १.१, म्हणून ४०७ ग्रॅम लागेल. भांड्याला चिकटून राहणारं धरून ४३० ग्रॅम कालवा. ऐनवेळी सिलिकॉन कमी पडलं की मुंडाशाचा माथा उघडा राहतो.

चेहरा कोणत्या बाजूला आहे ते डबीच्या बाहेर मार्करने लिहून ठेवा. पांढरं सिलिकॉन घट्ट झाल्यावर आत काय आहे याचा पत्ता लागत नाही.

सिलिकॉन ओतणे

हार्डनर डोळ्यांच्या अंदाजाने घालू नका, डिजिटल वजनकाटा वापरा. भांड्याचा तळ आणि कडा खरवडत सावकाश ढवळा, मग मिश्रण दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या भांड्याच्या कडेला राहिलेलं कच्चं सिलिकॉन साच्यात चिकट चट्टे पाडतं, ते असं टळतं.

आधी चेहऱ्यावर, मिशांखाली आणि मुंडाशाच्या घड्यांत मऊ ब्रशने पातळ थर लावा. उरलेलं डबीच्या एकाच कोपऱ्यात, वरून, शेवईसारख्या बारीक धारेने सोडा. धार ताणली जाते तसे त्यातले बुडबुडे फुटतात आणि सिलिकॉन खालून वर चढत हवेला पुढे ढकलतं. व्हॅक्यूम चेंबर असेल तर ओतण्याआधी मिश्रणातली हवा काढून घ्या. भांडं मात्र मिश्रणाच्या चौपट मोठं हवं, कारण ते फुगून वर येतं.

टिनवालं सिलिकॉन डबीतून काढायला बहुधा १२ ते २४ तास लागतात. साचा उघडल्यावर आणखी एक दिवस मोकळ्या हवेत ठेवा. घट्ट होताना त्यातून थोडं अल्कोहोल सुटतं आणि ते उडून गेलं नाही तर पहिल्या कास्टचा पृष्ठभाग बिघडतो.

कापणे

दोन तुकड्यांचा साचा करायची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण तिचा सांधा कानांवरून आणि खांद्यांवरून जातो. अर्धपुतळ्याला मला एकसंध साचा जास्त पटतो. नरसाळ्याच्या तोंडापासून पाठीवरून, मानेवरून, मुंडाशाच्या मागच्या बाजूने माथ्यापर्यंत सर्जिकल ब्लेडने एकच काप घ्यायचा. ११ नंबरचं ब्लेड बरं पडतं. बाहेरच्या सेंटीमीटरभर भागात काप नागमोडी न्या, म्हणजे बंद करताना साचा आपोआप जागेवर बसतो. मास्टरजवळचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सरळ कापा. चेहऱ्याकडचा भाग अखंड राहतो आणि सांध्याची रेघ पाठीवर पडते, जिथे ती दोन मिनिटांत खरवडून निघते.

कोणतं रेझिन

ट्रे, घड्याळं करायला मिळणारं एपॉक्सी रेझिन संथ असतं. घट्ट व्हायला दिवसभर लागतो, पण बुडबुड्यांना वर यायला वेळही तेवढाच मिळतो. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने यानेच सुरुवात केली तर बिघडत नाही. मूर्तिकारांच्या कारखान्यात फायबरच्या कामाला वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे, पण त्याला उग्र वास असतो, ते आक्रसतं आणि पातळ भाग ठिसूळ राहतात. ते वापरलंच तर कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर घालायचा.

छंदासाठी विकले जाणारे बहुतेक अर्धपुतळे पॉलियुरेथेनचे असतात. दोन बाटल्या, मिश्रण पाण्यासारखं पातळ, हातात वेळ जेमतेम काही मिनिटांचा, आणि अर्ध्या-एक तासात कास्ट बाहेर. बारकावे यात सुंदर उतरतात. याचा वैरी म्हणजे ओलावा. एका बाटलीतलं आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि रेझिन आतून फसफसतं. जुलैत कोकणात किंवा मुंबईत खिडकी उघडी टाकून हे काम करायला बसू नये. बाटली वापरली की लगेच घट्ट बंद करा. ढवळायला आइसक्रीमच्या लाकडी काड्या नकोत, लाकडात ओल असते, प्लॅस्टिकची किंवा धातूची पट्टी घ्या. साचा ओतण्याआधी हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. विदर्भातल्या मे महिन्यात त्रास वेगळा असतो, तिथे मिश्रण कपातच घट्ट व्हायला लागतं. अशा वेळी पहाटे ओतावं किंवा संथ प्रकारचं रेझिन घ्यावं.

आयसोसायनेटची वाफ फुप्फुसांना कायमची संवेदनशील करू शकते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पॉलियुरेथेनच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी सेंद्रिय वाफेसाठीचं फिल्टर असलेला मास्क लावावा आणि वाफ बाहेर खेचणारा पंखा चालू ठेवावा. कापडी किंवा सर्जिकल मास्कने वाफ अडत नाही.

ओतणे

साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून जादाची फुंकून टाका. भुकटीच्या पातळ थरामुळे रेझिन बारीक खाचांत ओढलं जातं. मग साचा बंद करून बाहेरून दोन पट्ट्या लावा आणि रबरबँडने आवळा, फार घट्ट नाही, नाहीतर मावळ्याचं तोंड चपटं होतं.

आता हवेचा रस्ता. साचा उलटा आहे, म्हणजे डोकं खाली आणि तळ वर. सरळ उभ्या पुतळ्यात जी टोकं खाली वळलेली असतात, ती आता वर तोंड करून हवा धरून ठेवतात. हनुवटी, नाकाचा शेंडा, मिशांची खाली झुकलेली टोकं, कानातली भिकबाळी ही ती ठिकाणं. यावर उपाय साधा आहे: साचा असा कलता करा की आतला चेहरा जमिनीकडे बघेल. मग गळा हनुवटीपेक्षा उंचावर येतो, वरचा ओठ नाकाच्या शेंड्यापेक्षा उंचावर येतो आणि हवा चेहऱ्यावरून सरकत मानेकडे निघून जाते. चुकलामाकला बुडबुडा राहिलाच तर तो पाठीमागे राहतो.

पॉलियुरेथेनचे दोन्ही भाग वजनाने घ्यायचे की आकारमानाने, हे लेबलवर नीट वाचा. दोन्हींचं प्रमाण नेहमी सारखं नसतं. या मावळ्याला नरसाळ्यासकट ६५ ते ७० ग्रॅम मिश्रण लागतं. आधी थोडं रेझिन आत सोडा, साचा हातात फिरवून सगळ्या बाजूंना लागू द्या, मिशांच्या जागी बाहेरून बोटाने हलकं दाबून सोडा. मग चेहरा खाली ठेवून बारीक धारेने मानेच्या वरपर्यंत भरा, टेबलावर हलकेच आपटा, आणि हळूहळू साचा सरळ करत नरसाळं काठोकाठ भरा. घट्ट होताना रेझिन जरा आक्रसतं, तेव्हा हा वरचा साठा कामी येतो. मिशांच्या टोकाशी दरवेळी हवा अडकत असेल तर तिथून तळापर्यंत सिलिकॉनमध्ये ब्लेडने एक बारीक चीर द्या. हवा निघते, रेझिनचा जेमतेम पापुद्रा येतो.

व्यावसायिक लोक भरलेला साचा दाबटाकीत ४० ते ६० पीएसआयखाली ठेवतात. त्यामुळे बुडबुडे इतके लहान होतात की दिसत नाहीत. टाकी घेणार असाल तर सिलिकॉनही त्याच दाबाखाली घट्ट होऊ द्या, नाहीतर साच्यातले बुडबुडे दाबले जाऊन कास्टवर बारीक उंचवटे उठतात. आणि स्वयंपाकघरातल्या कुकरला कंप्रेसर जोडण्याचा विचारही करू नका. कुकर साधारण १५ पीएसआयसाठी बनवलेला असतो. त्यात त्याच्या कितीतरी पट हवा कोंडणं म्हणजे टेबलावर बॉम्ब ठेवणं आहे.

रंगवायच्या आधी

कास्ट कोमट असतानाच ओढून काढू नका, पातळ भाग वाकतात. वाकलाच तर गरम पाण्यात धरून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. नरसाळ्याचा ठोकळा बारीक करवतीने कापा, पाठीवरची रेघ ब्लेडच्या बोथट बाजूने खरवडा. मग ४००, ६००, १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासकट वापरा. रेझिनची सुकी भुकटी श्वासात जाऊ द्यायची नाही. भोकं असतीलच तर फेव्हिक्विकचा थेंब आणि चिमूटभर टाल्कम पावडर, लगेच घासून सपाट. भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुवा, कारण पृष्ठभागावर तेलकटपणा राहिला की प्रायमर सुटून येतो. तळाला २ मिमीचं भोक पाडून तार बसवली की रंगवताना धरायला दांडा मिळतो.

मित्रांना देण्यासाठी प्रती काढत असाल तर रेझिनमध्ये किंचित राखाडी रंगद्रव्य घाला. पांढऱ्या किंवा पारदर्शक कास्टवर दोष आणि बारकावे दोन्ही दिसत नाहीत.

एका साच्यातून साधारण २५ ते ३० चांगल्या प्रती निघतात. मिशांच्या खाचेत सिलिकॉन फाटायला लागलं किंवा कास्ट सोडताना साचा अडून बसायला लागला की नवा साचा करायची वेळ झाली. तोवर दोन ओतकामांच्या मधल्या काळात शेवटचा कास्ट आत ठेवूनच साचा बंद करून सपाट जागी ठेवा. रिकामा साचा कपाटात तिरका पडून राहिला तर पुढच्या मावळ्याचा एक खांदा उतरलेला निघतो.