ड्रॅगनबॉर्न पात्र घडवताना: आधी पूर्वज, मग शरीर, मग नाव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, एकेक पात्र घेऊन खेळायच्या खेळात ड्रॅगनबॉर्न, म्हणजे ड्रॅगनच्या वंशातलं माणसासारखं पात्र, घेणारे बरेच जण आधी झकास नाव शोधतात, मग रंग निवडतात आणि पूर्वजाचा रकाना शेवटी घाईघाईत भरतात. हा क्रम उलटा करा. पूर्वज ठरला की श्वासाचा, म्हणजे तोंडातून सोडायच्या हल्ल्याचा, प्रकार ठरतो, खवल्यांची छटा सुचते आणि कुळाबद्दल चार गोष्टी आपसूक हाती लागतात. पुढची माहिती २०१४ च्या नियमांनुसार आहे. २०२४ च्या सुधारित नियमांत जिथे मोठा फरक पडला, तिथे तसं नोंदवलं आहे.

पूर्वज दहा प्रकारचे. काळा आणि तांब्याचा ड्रॅगन आम्ल फेकतो, निळा आणि कांस्य वीज, हिरवा विष, पांढरा आणि चांदीचा गारठा. लाल, सोन्याचा आणि पितळी या तिघांकडे आग. गोंधळ होतो तो इथेच. सोन्याच्या आणि लाल वंशाचा श्वास १५ फुटांच्या शंकूत पसरतो, पितळी वंशाचा मात्र ३० फूट लांब आणि ५ फूट रुंद रेषेत जातो. हिरवा, पांढरा, चांदीचा यांनाही शंकूच. बाकी सगळ्यांना रेषा. पाच फुटांच्या चौकटींच्या पटावर रेषा म्हणजे सरळ ६ घरं. शंकू समोर फक्त ३ घरं जातो, पण टोकाला रुंद होतो आणि बाजूला उभा असलेला आपलाच साथीदार त्यात सापडतो. २०२४ च्या नियमांत शंकू की रेषा, हे दर वेळी श्वास सोडताना निवडता येतं.

आता रंग. पूर्वज लाल म्हणून खवले लालभडक असलेच पाहिजेत असं नाही. बहुतेक ड्रॅगनबॉर्न पितळी किंवा कांस्य छटेचे असतात. काही शेंदरी, गंजाच्या रंगाचे, सोनेरी किंवा हिरवट तांब्याचे. ज्या कुळांनी मूळ ड्रॅगनचं रक्त जपलं, त्यांच्यातच पूर्वजाचा चोख रंग उतरतो. म्हणजे झगझगीत निळं पात्र घेतलंत, तर आपलं कूळ वंश राखणारं आहे असंच तुम्ही सांगत असता. ते पार्श्वभूमीत लिहा. गंजाच्या रंगाचं पात्र घेऊन श्वास विजेचा ठेवलात तरी नियम मोडत नाही, आणि आमच्या मते असं पात्र जास्त लक्षात राहतं.

चित्र काढताना किंवा काढून घेताना तीन चुका हमखास होतात: शेपूट, पंख आणि पाच बोटं. २०१४ च्या वर्णनात शेपूटही नाही आणि पंखही नाहीत. हाताला तीन बोटं आणि एक अंगठा, नखं पंजासारखी. चित्रकाराला संदर्भासाठी ड्रॅगनचं चित्र दिलं की शेपूट आलीच म्हणून समजा, तेव्हा ‘शेपूट नको’ हे शब्दांत लिहून द्या. खवले अंगभर बारीक ठेवा. मोठ्या मगरीसारखे खवले काढले की चिलखताखाली देह बेढब दिसतो. २०२४ मध्ये पाचव्या लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पायरीला) १० मिनिटं टिकणारे जादूचे पंख मिळतात, पण ते तेवढ्यापुरतेच. रोजच्या रूपात ते काढू नका.

उंचीसाठी ५ फूट ६ इंच हा पाया धरा आणि आठ बाजूंचे दोन फासे टाकून येईल तितके इंच मिळवा. मग सहा बाजूंचे दोन फासे टाका, त्या बेरजेला आधीच्या इंचांनी गुणा आणि १७५ पौंडांत मिळवा. समजा आधी ९ पडले, नंतर ७. उंची ६ फूट ३ इंच. वजन १७५ अधिक ६३, म्हणजे २३८ पौंड, साधारण १०८ किलो. वजनासाठी आठ बाजूंचे फासे पुन्हा टाकायचे नाहीत, उंचीचाच आकडा वापरायचा. नाहीतर उंच आणि काटकुळा किंवा बुटका आणि अवजड असा विचित्र मेळ पडतो.

वय एल्फ या दीर्घायुषी वंशासारखं शेकड्यांत लिहू नका. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत चालतं, तिसऱ्या वर्षी दहा वर्षांच्या माणसाच्या मुलाएवढं होतं, पंधराव्या वर्षी प्रौढ ठरतं आणि आयुष्य साधारण ८० वर्षांचं असतं.

नाव तीन थरांचं. कुळाचं नाव मानानं आधी येतं, मग स्वतःचं. आपल्या शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी यायचं तसं. ‘मेहेन डार्डेंड्रियन’ नव्हे, ‘डार्डेंड्रियन मेहेन’. कुळांची नावं लांबलचक असतात: नॉरिक्सियस, शेस्टेनडेलियाथ, वर्थिसाथर्गिएश. कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या माहितीच्या कागदावर) ती देवनागरीत, तुकडे पाडून लिहा, म्हणजे डीएम (खेळ चालवणारा डन्जन मास्टर) दर वेळी वेगळा उच्चार करणार नाही. स्वतःचं नाव आखूड असतं. पुरुषांत क्रिव, टोरिन, बालासार. स्त्रियांत सोरा, अक्रा, कोरिन. एकाच चमूत टोरिन आणि कोरिन ठेवू नका, लढाईच्या गडबडीत कोणाची पाळी तेच कळत नाही. मराठी टेबलावर ‘नाला’ हे यादीतलं स्त्रीनाव टाळा. ‘कावा’ मात्र चोरट्या पात्राला शोभून दिसतं. नवं नाव रचायचं तर एक-दोन अक्षरगटांत आटोपा आणि कठोर व्यंजनं, श, स, र यांवर भर द्या. ड्रॅकोनिक या ड्रॅगनांच्या भाषेचा कानाला येणारा पोत तोच आहे.

तिसरा थर बालपणीच्या नावाचा. एकाच घरट्यातली भावंडं ते वापरतात आणि ते सवयीवरून किंवा एखाद्या प्रसंगावरून पडतं. हे नाव अर्थाचं असल्यानं सरळ मराठीत घ्या: ढालचाव्या, चढ्या, कानखाऊ. ‘शूर’, ‘वीर’ असली मोघम विशेषणं इथे फुकट जातात. पिल्लानं खरंच काय केलं ते आधी ठरवा: बापाची ढाल चावली, की छपरावर चढून बसलं?

पात्र कुळातून हाकललेलं असेल, तर ते कुळाचं नाव अजून लावतं का, हे पहिल्या डावाआधीच डीएमला सांगा. ड्रॅगनबॉर्नला कूळ जिवापेक्षा मोठं असतं. वाटेत दुसरा ड्रॅगनबॉर्न भेटला की डीएम त्याच्या तोंडून पहिला प्रश्न कुळाचाच विचारेल.