दोन युनिट नेटनं जोडताय? या चुका टाळा

उद्यमनगरात ऑफिस आणि शिरोली एमआयडीसीत फौंड्री, अशी कामं कोल्हापुरात कितीतरी. दोन्ही जागा जोडायच्या म्हटलं की मालक पहिलं विचारतात, "महिन्याला किती?" मी जोडणी करून देणारा; मी विचारतो, केबल कुठल्या रस्त्यानं येते?

एका कारखान्यानं दोन कंपन्यांची फायबर घेतली होती. एक गेली तर दुसरी आहेच. बिलं दोन, राउटर दोन, पण हायवेकडेनं दोन्ही केबली एकाच चरातून. रुंदीकरणात जेसीबीचा एक फटका बसला आणि दोन्ही एकदम तुटल्या. हिशेब-बिलांचं सॉफ्टवेअर टॅली उद्यमनगरच्या सर्व्हरवर, भरलेला ट्रक शिरोलीच्या गेटवर. शेवटी फोनवरून वजनं सांगून बिल केलं, ट्रक रात्री सुटला. तेव्हापासून मी लाइनमनला गाडीवर मागं बसवून सगळा मार्ग बघून येतो. कंपनीच्या माणसाचं "मार्ग वेगळा आहे साहेब" मी धरत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता. पाण्यानं फायबरची काच बिघडत नाही, पण वाटेतल्या पेटीची वीज गेली की लाइन मेलीच.

म्हणून दुसरी लाइन शक्यतो रेडिओची, म्हणजे बिनतारी, घ्या. तिथंही घाई नडते. समोरचा टॉवर दिसला म्हणजे झालं नाही. ५.८ गिगाहर्ट्झवर ६ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर सरळ रेषेभोवती साधारण ९ मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो. त्या त्रिज्येतला निदान ६० टक्के, म्हणजे ५ मीटरच्या वर, मोकळा हवा. उन्हाळ्यात झकास चाललेली लिंक पावसाळ्यात झाडं भरली की लुळी पडते.

१०० एमबीपीएस (मेगाबिट, मेगाबाइट नव्हे) म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट. अपलोडचा वेग वेगळा विचारा.

निदान एका टोकाला स्टॅटिक आयपी, म्हणजे नेटवरचा न बदलणारा पत्ता, घ्याच. स्वस्त ब्रॉडबँडवर बऱ्याचदा एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. दोन्हीकडे तसं असलं की साधा व्हीपीएन, म्हणजे दोन जागा नेटवरून जोडणारी खाजगी वाट, जुळत नाही.

टॅलीचा फोल्डर व्हीपीएनवरून शेअर करू नका. रिमोट डेस्कटॉप वापरा, म्हणजे टॅली सर्व्हरवरच चालते आणि इकडं फक्त तिचा पडदा दिसतो.

नवी पोरं स्पीडटेस्ट दाखवून पैसे मागतात. ती टेस्ट बाहेरच्या सर्व्हरपर्यंतची. आपल्या दोन युनिटांमधला वेग आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामनं मोजावा लागतो.

एका महागड्या लीज लाइनपेक्षा (फक्त आपल्यासाठी राखलेली लाइन) वेगळ्या वाटांनी येणाऱ्या दोन साध्या लाइनी लहान कारखान्याला मला बऱ्या वाटतात. काम झालं की मालकांच्या देखत पहिली केबल मी स्वतः उपटतो. दुसरीवर टॅली उघडली, की मगच बिल देतो.