प्रभागातील चार मते: महापालिका निवडणुकीत मतदान कसे करावे

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर आघाडीच्या दोन उमेदवारांत पुन्हा मतदान होते. आपल्या महापालिकेत अशी दुसरी फेरी नाही. ज्याला सर्वाधिक मते, तो नगरसेवक. मग ती एकूण मतांच्या पाव हिश्शाएवढी का असेनात. मते समसमान पडली तर चिठ्ठी काढली जाते. २०१७ मध्ये मुंबईच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांची मते बरोबरीत आली आणि निकाल चिठ्ठीने शहा यांच्या बाजूने लागला. त्या प्रभागात मतदानाला न गेलेल्या एखाद्यानेही या दोघांपैकी एकाला मत दिले असते, तर चिठ्ठीची वेळच आली नसती.

ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१ आणि नवी मुंबईत २८ प्रभागांतून १११ नगरसेवक निवडले जातात. दोन्ही शहरांत प्रत्येकी एक प्रभाग तीन सदस्यांचा आहे, बाकी सर्व चार सदस्यांचे. नवी मुंबईत २०१५ पर्यंत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जाई, त्यामुळे १५ जानेवारी २०२६ रोजी चार मते देण्याची वेळ आली तेव्हा अनेक ज्येष्ठ मतदार गोंधळले. म्हणून ही पद्धत आधीच नीट समजून घेतलेली बरी.

पहिले काम मतदार यादीत नाव तपासण्याचे. मतदार ओळखपत्र कपाटात आहे म्हणजे नाव यादीत आहेच, असे समजू नये. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच मतदार यादी घेतो आणि एका ठरावीक तारखेपर्यंतच्या नोंदी प्रभागनिहाय विभागतो. २०२६ च्या निवडणुकीसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. ठाण्यातील कळव्याहून नवी मुंबईतील घणसोलीला राहायला गेलेल्या कुटुंबाने पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ वेळेत भरला नाही, तर त्यांचे नाव जुन्याच पत्त्यावर राहते आणि नव्या शहराच्या नगरसेवकांच्या निवडीत त्यांचा काही वाटा उरत नाही. नवमतदारासाठी नमुना ६ असतो. प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी मिळणारे दिवस थोडे असतात, त्या दिवसांत घरातील प्रत्येकाचे नाव शोधावे.

दुसरे काम उमेदवारांची ओळख करून घेण्याचे, आणि माझ्या मते सर्वात जास्त वेळ याच कामाला द्यावा. प्रभागातील जागांना अ, ब, क, ड अशी नावे असतात. प्रत्येक जागेचे आरक्षण वेगळे आणि लढतही वेगळी असते. अ जागेच्या उमेदवाराची मते ब जागेच्या उमेदवाराला मिळत नाहीत. आरक्षण उमेदवारासाठी असते, मतदारासाठी नव्हे, त्यामुळे महिलांसाठी राखीव जागेवर पुरुषांनीही मत द्यायचे असते. चारही मते एकाच पक्षाला दिली पाहिजेत असे कोणतेही बंधन नाही, जरी प्रचारातील ‘पॅनल टू पॅनल’ ही हाक तसा समज करून देते. पाणी, कचरा, शाळा आणि गटारे यांचे प्रश्न घेऊन पुढची पाच वर्षे याच चौघांच्या दारी जायचे असते, म्हणून चौघांचाही स्वतंत्र विचार करावा. एखाद्या जागेवर उमेदवार बिनविरोध निवडून आला असेल, तर त्या जागेसाठी मतदान होत नाही.

मतदानाच्या दिवशी मतदार ओळखपत्र किंवा आधार कार्ड, पासपोर्ट यांसारखा मान्य पुरावा जवळ ठेवावा आणि मोबाइल घरीच ठेवावा. नाव तपासून बोटाला शाई लावल्यावर यंत्रापाशी जावे. जागेनुसार मतपत्रिकेचा रंग बदलतो: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. प्रत्येक रंगाखाली एकदाच, आपल्या उमेदवाराच्या चिन्हासमोरचे बटण दाबावे आणि दिवा लागला का ते पाहावे. कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुरते ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. त्याला कमी लेखू नये: राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार एखाद्या जागेवर याच पर्यायाला सर्वाधिक मते पडली, तर तेथे कोणालाही विजयी घोषित न करता नव्याने निवडणूक घ्यायची असते. आपल्याकडे पुन्हा मतदानाची एवढी एकच वाट मतदाराच्या हातात आहे.

सर्व जागांची मते नोंदवल्यानंतरच यंत्राचा लांब आवाज येतो. माझी आई पहिले बटण दाबून, दिवा लागलेला पाहून समाधानाने बाहेर निघाली होती. केंद्रातील अधिकाऱ्याने “आजी, अजून तीन मते राहिली आहेत” असे सांगून तिला परत पाठवले. तिला फक्त अ जागेचा उमेदवार ठाऊक होता. उरलेली तीन मते तिने कशाच्या आधारे दिली, हे मी तिला विचारले नाही, पण पुढच्या वेळी निघण्यापूर्वी चारही जागांची उमेदवार यादी तिच्यासमोर ठेवून वाचायची, असे आम्ही घरी ठरवले आहे.