दुब्रोव्हनिकचा तट चढण्याआधी या चुका टाळा

क्रोएशियातलं दुब्रोव्हनिकचं जुनं शहर १९४० मीटर लांबीच्या तटाच्या आत मावतं. क्रूझ जहाजं आली की भर दुपारी एवढ्याशा जागेत पाय ठेवायला जागा उरत नाही.

तरीही बहुतेक जण नेमके तेव्हाच पश्चिमेच्या पिले दरवाजाशी रांग लावतात. तटावर एकाच दिशेनं, घड्याळाच्या उलट फिरायचं असतं. पिलेकडून सुरुवात केली, तर मिन्चेता बुरुजाची खडी चढण अगदी शेवटी, दमल्यावर येते. त्यापेक्षा उन्हाळ्यात सकाळी आठला, तट उघडतानाच, पूर्वेच्या प्लोचे दरवाजाजवळून चढा. चढण गारव्यात उरकते, मग समुद्राच्या कडेनं निवांत चालता येतं. वर सावली जवळजवळ नाहीच. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका. स्त्रादुन या मुख्य रस्त्याच्या दोन्ही टोकांना ओनोफ्रिओची कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं आहे. तिकीट फेकू नका, वाटेत पुन्हा तपासतात. तटाबाहेर, पिले दरवाजाजवळचा लोव्रियेनात्स किल्लाही त्याच तिकिटात होतो. तो चुकवू नये, कारण तिथून तट समोरून दिसतो.

पायांत गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत. स्त्रादुनची चुनखडीची फरसबंदी वापरून आरशासारखी झाली आहे, पावसात हमखास पाय घसरतो. किनारे गोट्यांचे आहेत आणि खडकांत समुद्री साळू (सी अर्चिन, अणकुचीदार काट्यांचे जीव) असतात, म्हणून पाण्यात उतरताना रबरी बूट घाला.

भारतीय पासपोर्टवाल्यांची सर्वात महाग चूक व्हिसाची. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. इथून अनेक जण सहलीला जातात ती शहरं मात्र बाहेर: मोस्तार बोस्नियात, कोटोर मॉन्टेनेग्रोत. दोन्ही देश शेंगेनबाहेर. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर तिकडची एक दिवसाची सहल करून परत येता येत नाही. अनेक प्रवेशांचाच व्हिसा मागा. क्रोएशियातल्याच स्प्लिट शहराहून येणारा जुना रस्ताही न्यूमपाशी बोस्नियातून जातो. २०२२ मध्ये खुला झालेला पेल्येशाच पूल तो भाग टाळतो. बसचं तिकीट काढण्याआधी ती कुठल्या मार्गानं जाते, ते विचारा.

शाकाहारी असाल तर काळा रिझोतो (मऊसर भाताचा प्रकार) मागवू नका, तो रंग माकुळाच्या शाईचा असतो. साध्या भाज्यांच्या रिझोतोतही माशांचं पाणी घातलंय का, ते आधी विचारा. बटाटा घातलेली ब्लित्वा ही पालेभाजी मात्र बहुतेक ठिकाणी मिळते.