पेटीवरची अक्षरं कुठल्या फॉन्टची? फोटोवरून फॉन्ट शोधताना

मार्च लागला की देवगडजवळच्या जामसंड्यातल्या आमच्या दुकानात लग्नपत्रिका मागे पडतात आणि आंब्याच्या खोक्यांची लेबलं पुढे सरकतात. मी डीटीपी करते, म्हणजे छपाईचा मजकूर संगणकावर जुळवते. फ्लेक्स, पावतीपुस्तकं, मंडळांच्या पत्रिका, जे येईल ते. गेल्या मोसमात एक बागायतदार काका जुन्या पाच डझनी पेटीची फळी काखेत मारून आले. फळीवर अर्धवट सोललेलं कागदी लेबल होतं. वर इंग्रजीत 'फ्रेश अल्फान्सो', खाली मराठीत ठसठशीत 'लक्ष्मी आंबेवाले'. काका म्हणाले, "बापाशीच्या येळची अक्षरां ती. तशीच व्हयी माका, बाय."

हे वाक्य मी वर्षातून वीसेक वेळा तरी ऐकते. कधी फळी असते, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला धुरकट फोटो, कधी होडीच्या नाळीवरचं नाव. फोटो टाकला की फॉन्टचं नाव सांगणारी साधनं आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. पण ती चालतात इंग्रजीला. मराठीला अजून आपले डोळेच लागतात. म्हणून दोन्ही रस्ते सांगते.

त्याआधी एक गोष्ट तपासा, तुमच्याकडे खरंच फक्त फोटोच आहे का? गिऱ्हाईक फोटो पाठवतं, कारण त्याला तेच सोपं. "मूळ फाइल आहे का हो?" असं विचारलं की दहातल्या दोघांकडे तरी पीडीएफ निघते. ती अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून प्रॉपर्टीजमधल्या 'फॉन्ट्स' टॅबवर गेलात की नावांची यादीच समोर येते. नावाआधी सहा इंग्रजी अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं तर बिचकू नका. फॉन्टातली वापरलेली अक्षरंच तेवढी फाइलीत भरली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. यादी रिकामी आली तर कुणीतरी छपाईला देण्याआधी अक्षरांचे कर्व्ह केलेत, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं करून टाकलीत. मग पीडीएफ असली काय नि फोटो असला काय, सारखंच. अक्षरं वेबसाइटवरची असतील तर क्रोममध्ये त्यांच्यावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट', मग 'कम्प्युटेड'. तळाशी प्रत्यक्ष वापरलेल्या फॉन्टचं नाव असतं. अर्थात तिथे अक्षरं खरी हवीत, चित्रातली नकोत.

फोटो नीट असेल तर निम्मं काम झालं

लेबल किंवा पत्रिका असेल तर स्कॅनरवर ठेवा, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. फळी स्कॅनरवर मावत नाही. मी ती दुकानाच्या पडवीत नेली, भिंतीला टेकवली आणि मोबाइल अगदी समोर धरून दिवसाउजेडी फोटो काढला. फ्लॅश नको, जुन्या वार्निशवर तो चकाकतो आणि अक्षराचा मधलाच भाग खाऊन टाकतो. तिरका फोटो तर नकोच. तिरक्या फोटोत गोल 'ओ' लंबगोल होतो आणि साधन बिचारं लंबगोल अक्षरांचे फॉन्ट शोधत बसतं. फोटो दुसऱ्याकडून मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला तर आकार दाबला जाऊन कडा मऊ पडतात.

मग ब्राउझरमध्ये फोटोपी उघडायचं, किंवा जिम्प; दोन्ही फोटो सुधारायची फुकट साधनं. एकच ओळ कापून घ्यायची. दोन वेगळ्या फॉन्टांच्या ओळी एकत्र टाकल्या की साधनाचा गोंधळ होतो. ओळ आडवी सरळ करायची, रंग काढून लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण) ओढायच्या, अक्षर काळं आणि मागचं पांढरं होईपर्यंत. अक्षराची उंची शंभरेक पिक्सेल तरी असावी. अक्षराभोवती कडा किंवा सावली दिलेली असेल तर ती खोडून काढायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून साधनाला दोष देण्यात अर्थ नाही.

ताणलेली अक्षरं हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. जागा उरली की कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ धरून खेचायची, ही सवय आम्हा सगळ्यांनाच आहे आणि मीही काही सोवळी नाही. ताणलेला फॉन्ट कुठलंच साधन धड ओळखत नाही. ओळखायची खूण म्हणजे टिंब. इंग्रजीत 'आय'वरचं आणि मराठीत अनुस्वाराचं. ते अंड्यासारखं दिसायला लागलं की ओळ ताणलेली आहे असं मी धरते. टिंब गोल होईपर्यंत ओळ उलट दाबायची आणि मग शोधाला लागायचं. काही फॉन्टांत टिंब मुळातच पत्त्यांतल्या चौकटसारखं असतं, तिथे ही युक्ती चालत नाही.

इंग्रजी ओळ

मी आधी 'व्हॉट द फॉन्ट'वर जाते. चित्र टाकायचं, हव्या त्या शब्दाभोवती चौकट बसवायची, आणि जुळणाऱ्या फॉन्टांची यादी येते. एकमेकांना जोडलेली अक्षरंही ते आता वाचतं. एक ध्यानात ठेवा, हे साधन मायफॉन्ट्स या दुकानाचं आहे. दुकानात असलेला मालच ते दाखवणार. तुमचा फॉन्ट तिथे विकायलाच नसेल तर त्याची चुलत-मावस भावंडं पुढे येतील, तीही पूर्ण आत्मविश्वासाने. म्हणून दुसरं मत 'व्हॉट फॉन्ट इज'कडून घ्यायचं. तिथे चित्रातलं एकेक अक्षर सुटं करून दाखवतात आणि त्याखाली ते कुठलं अक्षर आहे हे आपण टाइप करायचं. फुकटचे फॉन्ट आणि विकतचे फॉन्ट अशी चाळणीही लावता येते. फोटोशॉप असणाऱ्यांना त्यातच 'मॅच फॉन्ट' मिळतं. फोटो अगदीच वाईट असेल तर 'आयडेंटिफॉन्ट' बरं पडतं. त्याला चित्र लागत नाही, 'क्यू'ची शेपटी वर्तुळ छेदते का, असे प्रश्न विचारत विचारत ते नावापर्यंत नेतं.

काकांचं 'फ्रेश अल्फान्सो' दोन मिनिटांत सापडलं. ब्रश स्क्रिप्ट. रॉबर्ट ई. स्मिथ यांनी १९४२ साली अमेरिकन टाइप फाउंडर्स या छपाईचे टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी केलेला हा टाइप. अमेरिकेतल्या जाहिरातींसाठी घडवलेलं ते वळण देवगडच्या पेटीवर येऊन बसलेलं पाहून मला गंमत वाटली.

यादीतलं पहिलं नाव उचलून मोकळं व्हायचं नाही. 'एच', 'आय', 'एल' सगळीकडे सारखेच, त्यांच्याकडे बघूच नका. स्मॉल 'ए', स्मॉल 'जी', कॅपिटल 'आर', 'क्यू', 'अँड'चं चिन्ह आणि आकडे बघा. एरियल आणि हेल्व्हेटिका यांच्यात लोक कायम फसतात. हेल्व्हेटिका १९५७ ची, एरियल १९८२ ची, अंगलोट जवळपास एकच. पण स्मॉल 'टी'चं डोकं बघा. एरियलमध्ये ते तिरकं छाटलेलं असतं, हेल्व्हेटिकात सपाट. कॅपिटल 'आर'चा पाय एरियलमध्ये तिरका सरळ उतरतो, हेल्व्हेटिकात जवळजवळ उभा येऊन शेवटी किंचित वळतो.

मराठी ओळ

इथे साधनं हात टेकतात. देवनागरी टाकली की काही साधनं गप्प बसतात, काही भलत्याच इंग्रजी फॉन्टचं नाव देतात. फोटोशॉपचं 'मॅच फॉन्ट'ही रोमन अक्षरांसाठी केलेलं. एआयला विचारून बघितलं. एकाच चित्राला तीनदा विचारलं तर तीन नावं, प्रत्येक वेळी तितक्याच खात्रीने. तेव्हापासून मी तो नाद सोडला.

पहिला प्रश्न, हा फॉन्ट आहे तरी का? आपल्याकडची जुनी लेबलं, होड्यांची नावं, दशावताराचे पडदे हे बहुतेक पेंटरच्या हातचं. त्याला एकच कसोटी. एकच अक्षर दोनदा आलेलं शोधा आणि दोन्ही कापून एकमेकांवर ठेवा. फॉन्ट असेल तर तंतोतंत बसतात. 'लक्ष्मी आंबेवाले' यात 'ल' दोनदा आहे. मी पहिला 'ल' उचलला, निम्मा पारदर्शक केला आणि 'वाले'तल्या 'ल'वर नेऊन ठेवला. पहिल्याची डावी पाकळी टपोरी, दुसऱ्याची चपटी, मात्रेला जागा करून द्यायला शिरोरेघेखाली थोडी दबलेली. हाताने काढलेलं! म्हणजे काकांच्या वडिलांनी कुणा पेंटरकडून ते लिहून घेतलं होतं आणि त्याचाच ब्लॉक (छपाईचा ठसा) करून छापलं होतं. असलं अक्षर जगातल्या कुठल्याच यादीत सापडणार नाही.

जुळलं असतं तर पुढची पायरी गूगल फॉन्ट्स. तिथे लिपी देवनागरी निवडायची आणि नमुन्याच्या जागी आपल्या चित्रातलाच शब्द टाइप करायचा. सगळे देवनागरी फॉन्ट तोच शब्द लिहून दाखवतात. 'अ आ इ' बघून काही कळत नाही, तोच शब्द हवा. मग खाली सरकत जायचं. गुबगुबीत, कोपरे गोल केलेलं असेल तर बालू. अक्षरं एकमेकांवर चढलेली, आतल्या पोकळ्या जवळपास बुजलेल्या असतील तर मोदक. साधं, एकसारख्या जाडीचं असेल तर मुक्त. हे तिन्ही एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे. अरुंद, चौकोनी वळणाचं असेल तर खंड किंवा तेको. उभ्या रेघा जाडजूड आणि आडव्या केसासारख्या बारीक, तर रोझा वन. शेंडे बोरूने तिरके कापल्यासारखे दिसले तर यात्रा वन, तो मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे.

दोन-तीन उमेदवार उरले की बारकावे बघायचे. 'म' आणि 'भ'ची गाठ भरीव की पोकळ. वेलांटीची कमान कान्याच्या किती मागे जाऊन पडते. 'क्ष्म'सारखं जोडाक्षर कसं बांधलंय. 'झ', 'ण', 'ळ', आणि आकड्यांत ५, ८, ९. शेवटी फोटो इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घालून त्यावर तोच शब्द टाइप करायचा. शिरोरेघ ते कान्याचा तळ एवढी उंची जुळवायची आणि अक्षरं अर्धपारदर्शक करून बघायचं. बसलं तर बसलं.

'ल' आणि 'श' मात्र दगा देतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याच घाईने पाचशे खोकी वाया गेली. फॉन्ट बरोबर शोधला होता, पण छपाईत 'ल' दांडीचा आला, हिंदी वळणाचा. गिऱ्हाइकाने खोकं हातात घेतलं आणि म्हणालं, "ह्यो आमचो ल न्हय." पुष्कळ फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली तरच मराठी वळण येतं. मी भाषा हिंदीवर सोडली होती. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हीच रूपं धरली आहेत. म्हणून नुसता 'ल' वेगळा दिसला तर फॉन्ट बाद करू नका, आधी भाषा बदलून बघा.

गूगल फॉन्ट्सवर काहीच जुळलं नाही आणि छपाई युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीच्या) आधीची असेल तर श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅक या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरांच्या फॉन्टांकडे वळा. इथे सगळ्यात चांगलं साधन म्हणजे पन्नाशीतला डीटीपीवाला. श्रीलिपीचे फॉन्ट त्या पिढीला नावाने नाही, नंबराने पाठ असतात. लांबून पत्रिका बघून नंबर सांगतात. त्यातला एक, श्री देवनागरी ७१४, मॅकवर आयताच असतो, त्यामुळे तुलनेला सुरुवात करता येते.

सापडलेला फॉन्ट वापरायचा परवाना बघायला विसरू नका. गूगल फॉन्ट्सवरचे खोक्यावर छापायला मोकळे आहेत. 'व्हॉट द फॉन्ट'ने दाखवलेले बहुतेक विकतचे. फुकट डाउनलोडच्या भलत्या साइटवरून तोच फॉन्ट उतरवून गिऱ्हाइकाच्या मालावर छापणं मी बंद केलंय.

काकांचं मराठी नाव मी शेवटी इंकस्केपमध्ये बेझिअरने (वळणदार रेघा काढायच्या पेनने) एकेक वळण गिरवून काढलं. एक संध्याकाळ आणि दोन चहा. दुसरा 'ल' पहिल्यावरून कॉपी केला असता तर अर्धा तास वाचला असता, पण तो चपटाच ठेवला. खालचा पत्ता मुक्तमध्ये लावला. काकांनी प्रिंट उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "अक्षरां बरी इली. पण मोबाइल नंबर जरा मोठो कर."